जमा आणि नावे : मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील निवृत्त जीवन

निवृत्तीनंतर कोठे राहावे, हा प्रश्न आपल्या व्यापारी घरांत फारसा विचारला जात नाही. पेढीचा कारभार मुलांच्या हाती गेला तरी वडीलधाऱ्यांचे सकाळी दुकानात जाऊन बसणे सुटत नाही. घर, गल्ली आणि शेजारीही तेच राहतात. उत्तर अमेरिकेतील नोकरदार माणसाची स्थिती निराळी आहे. तेथे मुले लवकर दूर जातात, मोठे घर अंगावर पडते आणि घरपट्टी, आरोग्यविमा व हिवाळ्यात घर उबदार ठेवण्याचा खर्च निवृत्तिवेतनाला झेपेनासा होतो. मग हातात येणाऱ्या रकमेत सुखाने राहता येईल अशा गावाचा शोध सुरू होतो. या शोधातून अमेरिका आणि कॅनडातील असंख्य निवृत्त जोडपी गेल्या काही दशकांत मेक्सिकोच्या किनाऱ्यावर स्थायिक झाली आहेत.

आपल्याही अनेक घरांतील मुले-नातवंडे आज परदेशी आहेत. उतारवयात देश बदलावा काय, हा प्रश्न त्यामुळे आपल्या दिवाणखान्यातही हळूहळू येऊ लागला आहे. जे लोक या वाटेने आधीच गेले, त्यांचा जमाखर्च तपासून पाहणे म्हणूनच उपयुक्त ठरेल. त्यासाठी पुएर्तो वायार्ता या एकाच गावाकडे पाहू.

कोळ्यांच्या वस्तीचे शहर

पुएर्तो वायार्ता हे मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातील बंदर. पुढे पॅसिफिक महासागराचा बांदेरास उपसागर आणि मागे सिएरा माद्रे पर्वताच्या हिरव्या रांगा, यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ते वसले आहे. अक्षांश पाहिला तर ते आणि आपले अकोला जवळजवळ एकाच रेषेवर येतात. पावसाळाही ओळखीचाच, जून ते ऑक्टोबर. नोव्हेंबरपासून मात्र हवा कोरडी आणि सुखद होते. डिसेंबर ते मार्च या काळात उपसागरात देवमासे पिलांसह येतात, आणि त्याच सुमारास उत्तरेकडील थंडीने कंटाळलेले पाहुणेही.

पूर्वी लास पेन्यास नावाने ओळखले जाणारे हे छोटे गाव होते. १९१८ साली त्यास नगरपालिकेचा दर्जा मिळाला आणि हालिस्कोचे एकेकाळचे राज्यपाल इग्नासिओ वायार्ता यांचे नाव देण्यात आले. १९६३ साली दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी ‘द नाइट ऑफ द इग्वाना’ या चित्रपटाचे चित्रण जवळच्या मिस्मालोया येथे केले. अभिनेते रिचर्ड बर्टन यांच्यासोबत एलिझाबेथ टेलरही तेथे आल्या आणि त्यांच्यामागोमाग वार्ताहर आले. गावाचे नाव जगभर झाले. आधी पर्यटक, मग हिवाळ्यापुरते राहणारे आणि शेवटी कायमचे राहणारे, अशा तीन टप्प्यांत परदेशी वस्ती वाढत गेली.

विनिमयाचा हिशेब

बहुतेकांच्या निर्णयाचा आरंभ एका साध्या गुणाकाराने होतो. डॉलरमध्ये येणारे निवृत्तिवेतन पेसोमध्ये बदलले की ते भरघोस दिसू लागते. ज्या रकमेत मायदेशी काटकसर करावी लागे, त्याच रकमेत येथे घरकामाला बाई, बागेला माळी आणि आठवड्यातून दोनदा बाहेरचे जेवण बसते. घरपट्टी, जिला तेथे ‘प्रेदियाल’ म्हणतात, अमेरिकेच्या मानाने नाममात्र असते.

परंतु गुणाकारातील एक आकडा आपल्या हाती नसतो. २०२० च्या वसंतात एका डॉलरला २४ ते २५ पेसो मिळत होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये तोच भाव साडेसोळाच्या आसपास आला. दोन हजार डॉलर निवृत्तिवेतन घेणाऱ्याच्या हाती २०२० मध्ये सुमारे ४८ हजार पेसो पडत. चार वर्षांनी तेच ३३ हजारांवर आले. वेतनात एका सेंटचीही कपात न होता उत्पन्न जवळपास तिसऱ्या हिश्शाने घटले. याच काळात घरभाडी आणि मजुरी वाढल्या. पुढे पेसो पुन्हा थोडा उतरला. पण ज्याने घराचा सगळा संसार एकाच वर्षाच्या भावावर मांडला होता, त्याला या चार वर्षांनी पुरता धडा दिला. आयात-निर्यातीचा व्यापार करणाऱ्यास हे सांगावे लागत नाही. नोकरदाराने मात्र परकीय चलनाची जोखीम आयुष्यात प्रथमच, तीही साठीनंतर, अंगावर घेतलेली असते.

राहण्याचा परवाना

पर्यटक म्हणून मेक्सिकोत जास्तीत जास्त १८० दिवस राहता येते. स्थायिक होऊ इच्छिणाऱ्याने आपल्याच देशातील मेक्सिकन वकिलातीत अर्ज करावा लागतो. तेथे गेल्या सहा महिन्यांचे उत्पन्न किंवा गेल्या बारा महिन्यांची शिल्लक दाखवावी लागते. व्हिसा मिळाल्यावर १८० दिवसांच्या आत देशात प्रवेश करायचा आणि प्रवेशानंतर ३० दिवसांच्या आत स्थलांतर कार्यालयात जाऊन ओळखपत्राची कार्यवाही सुरू करायची. हा तात्पुरता रहिवास प्रथम एक वर्षाचा असतो. चार वर्षे पूर्ण झाली की कायम रहिवासासाठी अर्ज करता येतो.

उत्पन्नाची ही अट अनेक वर्षे देशातील किमान वेतनाच्या पटीत मोजली गेली. मेक्सिकोतील दैनिक किमान वेतन २०१८ मध्ये ८८.३६ पेसो होते. २०२५ मध्ये ते २७८.८० पेसो झाले. स्थानिक मजुराच्या दृष्टीने ही न्याय्य आणि आवश्यक वाढ होती. परंतु तिच्यासोबत परवान्याचा उंबरठाही तिपटीने उंचावला. दहा वर्षांपूर्वी जो शिक्षक किंवा टपाल कर्मचारी सहज आत आला असता, तो आज कदाचित दारातच अडेल.

घर कोणाच्या नावे?

समुद्रकाठच्या गावात घर घेणाऱ्यास सर्वांत मोठे आश्चर्य वाटते ते येथे. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेतील २७ व्या कलमानुसार देशाच्या सीमेपासून १०० किलोमीटर आणि समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीस जमिनीची थेट मालकी मिळत नाही. ही अट समजण्यासाठी इतिहास आठवावा लागतो. परदेशी वसाहतवाल्यांना टेक्सासमध्ये जमिनी देऊन वसवले आणि १८३६ साली टेक्सास हातचे गेले. १८४८ च्या तहाने देशाचा जवळपास निम्मा भूभाग अमेरिकेकडे गेला. ज्याने असे नुकसान सोसले, तो सीमेवरील आणि किनाऱ्यावरील जमीन जपणारच.

यावर तोडगा म्हणून ‘फिदेइकोमिसो’ ही व्यवस्था आहे. हा एक बँक-न्यास होय. जमिनीची कायदेशीर मालकी मेक्सिकन बँकेकडे विश्वस्त म्हणून राहते आणि परदेशी खरेदीदार लाभार्थी असतो. त्यास घरात राहण्याचा, ते भाड्याने देण्याचा, विकण्याचा आणि वारसास देण्याचा अधिकार असतो. १९९३ च्या परकीय गुंतवणूक कायद्याने या न्यासाची मुदत ५० वर्षांपर्यंत ठेवली असून तिचे नूतनीकरण करता येते. बँक त्यासाठी दरवर्षी शुल्क घेते. घर बँकेच्या ताळेबंदातील मालमत्ता होत नाही, ते न्यासाचे राहते. तरीही कागदावर आपले नाव मालक म्हणून नाही, ही गोष्ट पचायला वेळ लागतो. प्रत्यक्ष वाळूवर तर कोणाचाच हक्क नसतो. भरतीच्या रेषेपासून २० मीटरचा पट्टा संघराज्याचा आणि किनारा सर्वांचा.

खरा धोका फिदेइकोमिसोत नसून तो टाळण्याच्या मोहात आहे. मेक्सिकन क्रांतीनंतर मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गावसमूहांना कसण्यासाठी देण्यात आल्या. त्यांना ‘एहिदो’ म्हणतात. १९९२ च्या घटनादुरुस्तीनंतर विशिष्ट प्रक्रिया पूर्ण करून अशा जमिनीचे खासगी मालकीत रूपांतर करता येते. ही प्रक्रिया पूर्ण होण्याआधीच स्वस्तात भूखंड दाखवणारे लोक किनाऱ्यावर नेहमीच भेटतात. जमिनीचे मूळ न तपासता तिच्यावर घर बांधल्यास काय होते, हे २००० साली एन्सेनादाजवळील पुंता बांदा येथे दिसले. तेथील जमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकालानंतर अनेक अमेरिकन कुटुंबांना आपल्या समुद्रकाठच्या घरांतून बाहेर पडावे लागले. आयुष्यभराची शिल्लक त्या भिंतींत होती.

म्हणून ‘नोतारियो पुब्लिको’ या अधिकाऱ्याचे महत्त्व ओळखावे लागते. आपल्याकडील कोर्टाबाहेर शिक्का मारणाऱ्या नोटरीशी त्याची तुलना करू नये. तो राज्य सरकारने नेमलेला अनुभवी कायदेतज्ज्ञ असतो. जमिनीचे मूळ, तिच्यावरील बोजा आणि देय कर तपासून खरेदीखत त्याच्यासमोरच होते. तरीही जाणते लोक घर घेण्याआधी किमान एक वर्ष भाड्याने राहतात आणि त्या वर्षात एक पावसाळा जाणूनबुजून काढतात. जानेवारीत पाहिलेले घर ऑगस्टमध्ये निराळेच असते. भिंतींना ओल येते, कपाटातील कपड्यांना बुरशी लागते, वातानुकूलनाचे वीजबिल फुगते आणि ऑक्टोबरपर्यंत चक्रीवादळाच्या बातम्यांवर कान ठेवावा लागतो. २००२ मध्ये केना वादळाच्या लाटांनी या शहराच्या किनाऱ्याची मोठी हानी केली होती.

दुखणे-भानगडी

अमेरिकेचा वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, म्हणजे मेडिकेअर, सर्वसाधारणपणे देशाबाहेरील उपचारांचा खर्च देत नाही. कॅनडाच्या प्रांतांची सार्वजनिक आरोग्यसेवा घ्यायची तर ठरावीक दिवस प्रांतात राहावे लागते; ओंटारिओत वर्षातून २१२ दिवसांपेक्षा अधिक बाहेर राहिल्यास ती सवलत धोक्यात येते. मेक्सिकोच्या सामाजिक सुरक्षा संस्थेत रहिवाशास स्वेच्छेने विमा घेता येतो, पण आधीपासूनचे कित्येक आजार त्यातून वगळलेले असतात. आणि पासष्टीत आधीचा आजार नाही असा माणूस विरळा. खासगी रुग्णालये चांगली आहेत, दात-डोळ्यांचे उपचार तर अमेरिकेच्या मानाने फारच स्वस्त. मात्र गंभीर दुखण्यात भरतीपूर्वी मोठी अनामत मागितली जाते.

म्हणून अनुभवी रहिवासी एक रक्कम निराळी काढून ठेवतात आणि तिला हात लावत नाहीत. घराच्या दाराशी औषधांची यादी, रक्तगट, डॉक्टर आणि शेजाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक स्पॅनिशमध्ये लिहून लावलेले असतात. जुन्या शहरातील रस्ते दगडगोट्यांचे आणि चढउताराचे आहेत. त्यावर पाय घसरून मनगट किंवा खुबा मोडणे ही म्हातारपणातील नित्याची आपत्ती. आणि अशा वेळी दाराशी लावलेला तो कागद वाचू शकणारा कोणी शेजारी असावा लागतो.

ताट आणि बाजार

शाकाहारी माणसाचे तेथे कसे भागते, ही शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. बंदराच्या गावात मासळीचा सुकाळ असतो, हे खरे. पण मेक्सिकन ताटाचा पाया मका, घेवडा, मिरची आणि टोमॅटो हाच आहे. चुन्याच्या पाण्यात भिजवलेल्या मक्याच्या पिठाची रोटी, म्हणजे तोर्तिया, रोज ताजी मिळते. निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी होते. चिंचेचे आणि लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत घरोघरी करतात. पेरू, सीताफळ, पपई यांचे मूळ त्याच खंडातले. डहाणू-घोलवडच्या बागांतला चिकूही मूळचा तिकडचाच, आणि तेथे त्यास ‘चिकोसापोते’ म्हणतात.

सावधगिरी दोन ठिकाणी हवी. शिजवलेल्या घेवड्यात डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचा रस्सा घालण्याची पद्धत सर्रास आहे, आणि पुष्कळांच्या मते त्याने पदार्थ मांसाहारी होत नाही. ‘मांस आहे काय’ असे विचारल्यावर ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर येते आणि ताटात चरबी असते. प्रश्नच निराळा विचारावा लागतो, आणि त्यासाठी भाषा यावी लागते. कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्याने तर घरच्या चुलीवरच भिस्त ठेवावी. त्यासाठी ‘तियांगिस’ आहे. स्पेनचे लोक येण्यापूर्वीपासून चालत आलेला हा आठवडी बाजार. ठरलेल्या वारी रस्त्यावर कापडी छते उभी राहतात आणि दुपारनंतर रस्ता पुन्हा मोकळा होतो.

आपण आणि तू

या गावांत परदेशी माणसांचे दोन वर्ग सहज ओळखू येतात. एक वर्ग आपल्याच लोकांच्या इमारतीत राहतो, इंग्रजी बोलणाऱ्या उपाहारगृहांत जेवतो आणि दहा वर्षांनंतरही पाहुणाच असतो. दुसरा वर्ग अशुद्ध का होईना, पण स्पॅनिश बोलतो. दुकानात शिरताना आधी ‘बुएनोस दियास’ म्हणायचे आणि मग वस्तू मागायची. उपाहारगृहात जेवणाऱ्यांच्या शेजारून जाताना ‘प्रोवेचो’ म्हणून त्यांना अन्न अंगी लागो अशी सदिच्छा द्यायची. मोठ्यांना ‘उस्तेद’, बरोबरीच्यांना ‘तू’. आपण आणि तू यांतील अंतर मराठी माणसास उपजतच कळते. इंग्रजी बोलणाऱ्यास ते शिकावे लागते. वयस्क शेजारी स्त्रीला नावाआधी ‘दोन्या’ लावले की तिच्या चेहऱ्यावरचा भाव पालटतो.

पैशाच्या व्यवहारातही तेथील रीत समजून घ्यावी लागते. मेक्सिकोच्या श्रम कायद्यानुसार प्रत्येक कामगारास २० डिसेंबरपूर्वी किमान १५ दिवसांच्या वेतनाइतका ‘आगिनाल्दो’ देणे बंधनकारक आहे, आणि घरकाम करणारी बाईही त्यास पात्र असते. आपल्या पेढ्यांवरील दिवाळीच्या बोनसशी याचे नाते वाचकांस लगेच ओळखता येईल. जो परदेशी हे टाळतो त्याची कीर्ती गल्लीत फार लवकर पसरते.

डिसेंबरच्या पहिल्या बारा दिवसांत गावाचे खरे रूप दिसते. ग्वादालुपे मातेच्या उत्सवानिमित्त रोज संध्याकाळी मिरवणुका मुख्य चर्चकडे जातात. प्रत्येक दुकान, हॉटेल, कारखाना आणि वस्ती आपापल्या फलकामागे चालत असते. मालक, हिशेबनीस आणि झाडूवाला एकाच ओळीत. परदेशी रहिवाशांपैकी काहीजण कडेला उभे राहून छायाचित्रे घेतात. काहींना मात्र त्यांच्या गल्लीतील वाणी किंवा घरकामाची बाई हाताला धरून आपल्या ओळीत घेते. त्या दिवसापासून ते त्या गल्लीचे झाले असे समजावे.

या वस्तीची किंमत स्थानिकांनीही मोजली आहे, हे विसरता येत नाही. डॉलरवाल्यांमुळे रोजगार वाढला, तशी भाडीही वाढली; जुन्या गावातील कित्येक कुटुंबांना लांबच्या वस्त्यांत जावे लागले. २०२५ च्या जुलैमध्ये मेक्सिको शहरात परदेशी भाडेकरूंमुळे वाढणाऱ्या भाड्यांविरुद्ध मोर्चे निघाले. पाहुण्याने आपले ताट कोणाच्या वाट्यातून वाढले जात आहे हे ओळखून वागावे, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

एकट्याने उरण्याची वेळ

जोडपे स्थायिक होताना हिशेब दोघांचा असतो. पण शेवटी एकजण मागे राहतो, बहुधा पत्नी. व्यवहार नवऱ्याने पाहिलेले, भाषा त्यालाच थोडीफार येणारी, बँकेचे खाते एकट्याच्या नावे आणि फिदेइकोमिसोची मूळ प्रत कोठे ठेवली हे ठाऊक नाही, अशा स्थितीत परक्या देशात वैधव्य येणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्या घरांतील स्त्रिया चांगली करू शकतील. अशा वेळी मायदेशी परतावे तर घर विकलेले, मुलांचे संसार लहान जागेत, आणि चढ्या भावात तेथे नवे घर घेणे अशक्य.

यावरचे उपायही त्या समाजाने अनुभवातून शोधले आहेत. फिदेइकोमिसो करतानाच पर्यायी लाभार्थीचे नाव नोंदवता येते. मग घर वारसाकडे जाण्यास कोर्टाची वाट पाहावी लागत नाही. मेक्सिकोत सप्टेंबर हा ‘मृत्युपत्राचा महिना’ म्हणून पाळला जातो. त्या महिन्यात नोतारियो सवलतीच्या शुल्कात मृत्युपत्र करून देतात आणि कचेऱ्यांबाहेर सामान्य लोकांच्या रांगा लागतात. मृत्युपत्राचा विषय काढणेही अशुभ मानणाऱ्या आपल्या घरांनी ही प्रथा जरूर विचारात घ्यावी. भाऊबंदकीचे किती दावे त्यातून टळतील, याचा अंदाज प्रत्येकाने आपल्याच नात्यागोत्यात करून पाहावा.

कागदपत्रे चोख असली तरी एक बाब कोणत्याही दस्तऐवजात नोंदवता येत नाही. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर दार कोणाचे ठोठावायचे? ज्यांनी पहिल्या वर्षापासून गल्लीतील लग्न-बारशांना हजेरी लावली, शेजारच्या मुलास इंग्रजी शिकवले, वाण्याच्या आईच्या आजारपणात विचारपूस केली, त्यांना या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही. ज्यांनी केवळ स्वस्ताई पाहिली, त्यांची स्वस्ताई त्या रात्री संपते.

स्वस्त जीवनमान ही जमेची बाजू असून ती पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरते. नावेची बाजू हळूहळू लिहिली जाते: विनिमयाचा भाव, उंचावणारा उंबरठा, न मिळणारा विमा, दूर राहिलेली नातवंडे. या दोन बाजूंचा मेळ पैशाने बसत नाही; तो शेजाऱ्यांच्या खात्यात आधीपासून टाकत आलेल्या ठेवीने बसतो. ही ठेव साठीत नव्याने सुरू करता येते, हे पुएर्तो वायार्तातील अनेक वृद्धांनी दाखवून दिले आहे. मात्र तिच्यावर पहिल्या वर्षी व्याज मिळत नाही, आणि गरज पडेल त्या दिवशी ती उघडून चालत नाही.